अजारा पहिल्यांदाच पाहणार असाल तर: काळ्या समुद्रापासून गोदेर्दझी खिंडीपर्यंत

जॉर्जियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, तुर्कस्तानला खेटून अजारा नावाचा स्वायत्त प्रांत आहे. क्षेत्रफळ जेमतेम २,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षाही कमी. त्यातले जवळजवळ निम्मे लोक एकट्या बाटुमी शहरात राहतात आणि येणारे बहुतेक पर्यटकही तिथेच दोन रात्री काढून परत फिरतात. बाटुमी वाईट नाही, पण ते अजाराचं फक्त दार आहे. समुद्रापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर रस्ता २,००० मीटरच्या वर चढतो, आणि मधल्या एका नदीच्या खोऱ्यात हवा, जेवण, घरं, प्रार्थनास्थळं सगळं बदलत जातं. पहिल्यांदा जाणाऱ्याने बेत आखताना हा चढ डोळ्यांपुढे ठेवावा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: आधी महिना ठरवा, तिकीट नंतर

आपल्याकडे सहली शाळांच्या सुट्ट्यांवर ठरतात, आणि अजाराच्या बाबतीत नेमकी तिथेच गडबड होते. मे महिन्यात काळ्या समुद्राचं पाणी थंडगार असतं आणि वरच्या खिंडीत बर्फ शिल्लक असू शकतं. दिवाळीच्या सुट्टीत समुद्राचा हंगाम संपलेला असतो, पाऊस जोरात असतो आणि डोंगरातली उन्हाळी गावं ओस पडलेली असतात. समुद्रात मनसोक्त डुंबायचं असेल तर जूनचा मध्य ते सप्टेंबरअखेर, आणि समुद्र व डोंगर दोन्ही हवे असतील तर जुलै ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, एवढीच खरी खिडकी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. निवड माझ्या हातात असेल तर मी सप्टेंबरचा पहिला आठवडा घेईन: पाणी अजून कोमट असतं आणि किनारा मोकळा व्हायला लागलेला असतो.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. बाटुमीत वर्षाला साधारण २,४०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या तोडीचा. फरक एवढाच, की आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथे बाराही महिने अधूनमधून हजेरी लावतो. काळ्या समुद्रावरून येणारी दमट हवा किनाऱ्यालगतच्या डोंगरांना आपटते आणि तिथेच रिकामी होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत जोर जास्त, एप्रिल-मेमध्ये सर्वांत कमी. तेव्हा ऐन ऑगस्टमध्येही पातळ रेनकोट पिशवीत असू द्या आणि एखादा दिवस पावसात जाणार हे गृहीत धरूनच आराखडा करा.

मेमध्येच जाणं भाग असेल तर समुद्रस्नानाचा नाद सोडा. वनस्पती उद्यान, जुनं शहर आणि केदा गावापर्यंतचं खोरं यासाठी मे उत्तम आहे, आणि खिशालाही हलका.

पायरी २: कागद

भारतीय पासपोर्टवर जॉर्जियाचा ई-व्हिसा काढता येतो. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन देश किंवा आखाती देशांचा वैध व्हिसा अथवा निवास परवाना असलेल्यांना व्हिसाशिवाय प्रवेशाची सवलत आहे. त्यामुळेच दुबई-मस्कतचे मराठी लोक लांब शनिवार-रविवार काढून तिकडे जाताना दिसतात. ही सवलत कोणत्या प्रकारच्या परवान्यावर आणि किती मुदत शिल्लक असताना मिळते, याचे नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी जॉर्जियाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. १ जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य व अपघात विमा सक्तीचा झाला आहे.

व्हिसा हातात असला तरी सीमेवरचा अधिकारी प्रश्न विचारू शकतो, आणि भारतीय प्रवाशांना ते जरा जास्तच विचारले जातात. परतीचं तिकीट, प्रत्येक रात्रीचं बुकिंग, विमा आणि बँक खात्याचा उतारा छापून हातातल्या पिशवीत ठेवा. "कुठे कुठे जाणार?" असं विचारलं तर गावांची नावं पटापट सांगता आली पाहिजेत. फोनची बॅटरी संपली, पीडीएफ उघडेना, ही कारणं तिथे चालत नाहीत.

पायरी ३: बाटुमीला पोहोचणं

बाटुमीला स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, शहराच्या दक्षिणेला आणि अगदी जवळ. पण भारतातून येणारे बहुतेक जण राजधानी तिबिलिसीलाच उतरतात. तिथून रेल्वे घ्या. दुमजली, स्वच्छ गाडी सुमारे पाच तासांत बाटुमीला आणते. उन्हाळ्यात तिची तिकिटं बरेच दिवस आधी संपतात, म्हणून ऑनलाइन विक्री सुरू झाली की लगेच काढा. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक असतो, तो जुळायला हवा. जाताना उजव्या हाताची खिडकी मिळाली तर बघा, कारण कोबुलेतीनंतर रूळ समुद्राच्या कडेकडेने धावतात.

बाटुमीचं मुख्य स्टेशन शहराच्या मधोमध नाही, उत्तरेला मखिंजाउरीच्या बाजूला आहे. बाहेर टॅक्सीवाले घेराव घालतात. ॲपवरून गाडी मागवली की भाव ठरलेला असतो आणि भाषेचा प्रश्नही मिटतो.

रेल्वे मिळाली नाही तर मार्श्रुत्का, म्हणजे ठरलेल्या मार्गावरची मिनीव्हॅन. स्वस्त आहे, पण दाटीवाटीची, आणि चालक वेगाचे शौकीन. पोटात ढवळणाऱ्यांनी पुढची जागा धरावी.

पायरी ४: मुक्काम कुठे टाकायचा

या एका निर्णयावर सहलीचा बराचसा रंग ठरतो, म्हणून थोडं सविस्तर.

बाटुमीच्या नव्या किनारी भागात काचेचे प्रचंड टॉवर आहेत आणि त्यांत हजारो खोल्या भाड्याने मिळतात. फोटोत समुद्र दिसतो, भाडंही बरं असतं. बुकिंग करण्याआधी तीन गोष्टी पाहा: कितवा मजला, ताज्या अभिप्रायांत लिफ्टच्या रांगेबद्दल काय लिहिलंय, आणि शेजारी बांधकाम चालू आहे का. बाटुमीत क्रेन नसलेला कोपरा शोधावा लागतो. मला विचाराल तर जुन्या शहरातलं छोटं गेस्टहाउस घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे लोखंडी नक्षीचे सज्जे, आतली चौकोनी अंगणं, कोपऱ्यावर बेकरी, आणि बंदर, मशीद, चर्च सगळं पायी.

ज्यांना फक्त पोहायचं आहे त्यांनी शहराबाहेर राहावं. दक्षिणेला गोनिओ आणि क्वारियाती इथे पाणी जास्त स्वच्छ आणि रात्री शांत. उत्तरेला कोबुलेती हे जुन्या सोव्हिएत धाटणीचं, किनाऱ्याला समांतर पसरलेलं लांबच लांब गाव. पाइनची झाडं, सायकली, घरगुती खानावळी. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर कोबुलेती सोयीचं, कारण सगळं सपाट आहे. उन्हाळा सरला की मात्र ते झोपी जातं, ऑक्टोबरात तिथे मुक्काम करू नका. चाकवी आणि त्सिखिसजिरी ही मधली ठिकाणं डोंगरउतारावर आहेत, देखणी पण चढ-उताराची.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पोरं हिरमुसतात: अजाराच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. रबरी तळव्यांचे पाण्यात चालणारे बूट घरूनच न्या. तळही झपकन खोल होतो. पोहता न येणाऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे जाऊ नये. वाळूच हवी असेल तर ती उत्तरेला शेजारच्या गुरिया प्रांतात, उरेकीला, काळी आणि चुंबकीय.

पायरी ५: बाटुमी, दोन दिवसांत

शहराचा स्वभाव कळायला थोडा इतिहास पुरतो. १८७८ साली हे बंदर उस्मानी साम्राज्याकडून रशियाकडे आलं. १८८३ मध्ये बाकूपासून रेल्वे पोहोचली आणि कास्पियन समुद्राकाठचं तेल इथून जगभर जाऊ लागलं. नोबेल बंधूंचा पैसा त्यात होता, आणि त्यांच्या नावाचं छोटं संग्रहालय आजही शहरात आहे. काचेचे टॉवर आणि कॅसिनो हे मात्र २००४ नंतरचं प्रकरण.

पहिल्या संध्याकाळी बुलेव्हार्डवर चाला. समुद्रकाठचं हे उद्यान १८८० च्या दशकात सुरू झालं आणि वाढत वाढत सुमारे सात किलोमीटर झालं. बंदराच्या टोकाला १३० मीटर उंच वर्णमाला-मनोरा आहे, जॉर्जियन लिपीची ३३ अक्षरं अंगावर गुंडाळलेला. त्याच्याजवळ अली आणि निनो हे धातूचे दोन पुतळे. तमारा क्वेसितादझे या शिल्पकर्तीने केलेल्या या आकृती संध्याकाळी सातच्या सुमारास एकमेकांकडे सरकू लागतात, एकमेकांच्या आरपार जातात आणि दूर होतात. अंधार पडल्यावर दिव्यांत त्या जास्त खुलतात, म्हणून थोडं थांबा. तिथून जवळच एका गगनचुंबी इमारतीच्या अंगात, जमिनीपासून खूप उंचावर, आकाशपाळणा बसवलेला दिसेल. हे कुणाला सुचलं असेल असा प्रश्न पडतो. उत्तराची वाट न पाहता पुढे चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं शहर: १८६० च्या दशकातली ओर्ता जामे मशीद, युरोप चौकात सोनेरी लोकर उंचावलेली ग्रीक पुराणातली मेदेआ, पिआत्सा चौकातलं मोझेक. दुपारी अर्गो केबल कार, अडीच किलोमीटरची. वरून बंदर, शहर आणि मागची हिरवी भिंत एका नजरेत येते. ढग असतील तर पैसे वाया, आभाळ पाहूनच तिकीट काढा.

उद्यानाला मात्र अर्धा दिवस वेगळा द्या. शहराच्या उत्तरेला नऊ किलोमीटरवर, समुद्रावर झुकलेल्या कड्यावर बाटुमीचं वनस्पती उद्यान आहे, शंभर हेक्टरांहून मोठं. आंद्रेई क्रास्नोव या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते उभारलं आणि १९१२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. हिमालय, पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे प्रदेशवार विभाग आहेत. बांबूच्या राईतून बाहेर पडावं तर खाली निळा समुद्र. वरच्या दाराने शिरून उतरत यावं, गुडघे दुआ देतील. चालणं जमत नसेल तर विजेवरची गाडी मिळते.

पायरी ६: किनाऱ्यावरचे दोन फेरफटके

दक्षिणेचा सोपा. गोनिओला रोमन किल्ला आहे, अप्सारोस या नावाने इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून नांदता. तटबंदी चौकोनी आणि बऱ्यापैकी शाबूत आहे. येशूच्या शिष्यांपैकी मथियासची कबर आत असल्याची श्रद्धा आहे. पुढे रस्ता सार्पीला संपतो. हे लाझ लोकांचं गाव १९२१ च्या सीमारेषेने दोन देशांत वाटलं गेलं आणि इथली सीमा चौकी १९८८ मध्ये उघडली. सीमेवरची पांढरी, लाटांसारखी इमारत पाहून परत फिरा. "पलीकडे तुर्कस्तानात चहा पिऊन येऊ" हा मोह भारतीय पासपोर्टवर महागात पडतो: तुर्की व्हिसा वेगळा लागतो, आणि तुमचा जॉर्जियाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत आत येता येणार नाही.

उत्तरेला चाकवी. चहाची कथा इथली. १८९३ मध्ये लाउ जॉन-जाऊ नावाचा चिनी चहातज्ज्ञ काही साथीदारांसह आला आणि चाकवीच्या मळ्यांनी पुढे जॉर्जियन चहाची पेठ उभी केली. सोव्हिएत काळात इथला चहा घरोघर होता. ते राज्य कोसळल्यावर बरेच मळे रानात मिसळून गेले. चाकवीवरून आत वळलं की म्तिराला राष्ट्रीय उद्यान लागतं. इथे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. बीच, चेस्टनट, सदाहरित झुडपं आणि सगळ्यावर शेवाळ. २०२१ मध्ये या प्रदेशातल्या कोल्खी वर्षावनांना आणि पाणथळींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यात म्तिराला आहे. चाकविस्तावी गावापर्यंतचा रस्ता खडबडीत आहे. तिथून धबधब्यापर्यंतची पायवाट सोपी, फक्त ओली. घसरणारे बूट नकोत.

त्सिखिसजिरीला रस्त्यालगत पेत्रा किल्ल्याचे अवशेष आहेत, सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाच्या काळातले. वेळ असेल तर तासभर थांबा.

पायरी ७: जेवणाचं गणित

अजारी खाचापुरी, म्हणजे चीज घातलेला भाजका पाव, होडीच्या आकाराची असते: मध्ये वितळलेलं चीज, वर अर्धकच्चं अंडं आणि लोण्याचा गोळा. गरम असतानाच अंडं-लोणी ढवळून घ्या आणि होडीची टोकं मोडून त्यात बुडवून खा. सुरी-काटा मागू नका. मध्यम आकाराची एक दोघांना पुरते. अंडं नको असेल तर "उक्वेर्त्स्खोद" म्हणा किंवा जॉर्जियन लिपीत फोनवर लिहून दाखवा.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. अक्रोडाच्या वाटणातली वांगी, पालेभाज्यांचे प्खाली, राजम्याचं लोबिओ, मक्याची म्चादी हे सगळीकडे मिळतं. ख्रिस्ती उपासाचं, म्हणजे मांस-दूध-अंड्याविना काय आहे, हे विचारायला "सामार्ख्वो" हा शब्द किनाऱ्यावर चांगला चालतो. वर डोंगरात मुस्लिम घरं बरीच आहेत, तिथे त्याचा फार उपयोग नाही. पण तिथे बोरानो मिळतं: तुपाळ लोण्यात विरघळवलेलं स्थानिक चीज. पचायला जड, विसरायला अवघड. बाटुमीत भारतीय जेवणही सापडतं, कारण वैद्यकीय शिक्षणासाठी आलेली आपली बरीच मुलं शहरात आहेत, महाराष्ट्रातलीही.

पायरी ८: खोऱ्यातून वर

बाटुमीहून पूर्वेला अचारिस्तस्कली नदीचा हात धरून एकच मोठा रस्ता जातो: केदा, शुआखेवी, खुलो, गोदेर्दझी. खुलोपर्यंत सुमारे ८० किलोमीटर. बाटुमीच्या जुन्या बसस्थानकावरून मार्श्रुत्का सुटतात, पण थांबत थांबत जायचं असेल तर चालकासह गाडी ठरवा. निघण्याआधी रोख लारी (जॉर्जियाचं चलन) काढून घ्या. एक लारी साधारण तीस रुपयांच्या वर धरा. खुलोच्या पलीकडे कार्डाचा भरवसा नाही. फोनचं सिमही आधीच घ्या, पासपोर्ट दाखवून लगेच मिळतं.

पहिला थांबा मखुनत्सेती: धबधबा आणि तामार राणीच्या नावाने ओळखला जाणारा एका कमानीचा दगडी पूल. कठडे नाहीत, मुलांचा हात सोडू नका. दुपारी इथे बसगाड्यांची जत्रा भरते, म्हणून सकाळी नऊच्या आत गाठा. केदा हे द्राक्षांचं गाव. छखावेरी नावाच्या द्राक्षाची फिकट गुलाबी वाइन घरोघरी होते. शुआखेवीत थांबण्यासारखं कमी आहे, पण मराठी वाचकांना एक ओळखीचं नाव भेटेल: इथल्या जलविद्युत प्रकल्पात मुंबईची टाटा पॉवर भागीदार आहे.

खुलोला एक रात्र राहा, हा माझा आग्रह. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवरचं हे गाव दिसायला साधं आहे. मशिदीच्या आतलं रंगीत लाकूडकाम पाहण्यासारखं आहे. बूट काढून, अंगभर कपड्यांत, नमाजाची वेळ टाळून जा. आणि मग ती केबल कार: १९८५ मध्ये बांधलेली, खुलो आणि दरीपलीकडच्या तागो गावाला जोडणारी, सुमारे १,७०० मीटर लांब आणि मध्ये एकही खांब नसलेली. डबा एक, सोबतीला पिठाची पोती आणि बाजार करून परतणाऱ्या आजीबाई. उंचीची भीती असेल तर खाली पाहू नका. तागोत उतरून तासभर चाला, परतीची शेवटची वेळ चढतानाच विचारून घ्या. गेस्टहाउसमध्ये रात्रीचं जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, कारण गावात उशिरा काही उघडं नसतं.

पायरी ९: बेशुमी, गोदेर्दझी आणि पलीकडे

खुलोनंतर रस्ता आणि हवा दोन्ही बदलतात. बेशुमी साधारण १,९०० मीटरवर आहे. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यातून सुटायला अजारातले लोक पिढ्यान्पिढ्या इथे येतात, गुरंही उन्हाळ्यात वर चढतात. लाकडी घरं, पाइनचं रान, रात्री स्वेटर. ऑगस्टच्या सुरुवातीला शुआमतोबा नावाची जत्रा असते, घोड्यांच्या शर्यतींसह. त्या दिवसांत खोली हवी असेल तर फार आधी सांगा. चकचकीत रिसॉर्टची अपेक्षा ठेवून जाल तर निराश व्हाल. गरम पाण्याची खात्री करून घ्या.

गोदेर्दझी खिंड २,०२५ मीटरवर. जवळचं स्की केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. इथे बर्फ खोल आणि उतार मोकळे, त्यामुळे कसलेले स्कीपटू खूष असतात. आयुष्यात पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्याने मात्र तिबिलिसीच्या उत्तरेचं गुदाउरी गाठावं. तिथे शिकवणारे आणि सोयी दोन्ही जास्त. हिवाळ्यात गोदेर्दझीला फक्त बाटुमीच्या बाजूनेच जाता येतं, खिंडीपलीकडचा रस्ता बर्फाखाली असतो. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी आणि साखळ्या बांधता येणारा चालक, दोन्ही हवेत.

उन्हाळ्यात खिंड उघडी असली तर बाटुमीला परत येऊ नका. त्याच रस्त्याने पलीकडे उतरलं की अखालत्सिखे लागतं, तिथून वार्दझियाची कोरीव गुंफानगरी जवळ आहे आणि पुढे तिबिलिसी. या टप्प्याचा बराच भाग वर्षानुवर्षं कच्चा होता आणि दुरुस्तीची कामं चालू असतात, म्हणून नकाशातल्या ॲपने दाखवलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका. निघायच्या आदल्या संध्याकाळी खुलोच्या स्थानकावर मार्श्रुत्का चालकांना विचारा. आज कोणी पलीकडून आलं का, आणि कोणत्या गाडीने, एवढं कळलं की पुरे. उत्तर "लहान गाडी जाणार नाही" असं आलं तर हट्ट न करता खाली उतरा आणि बाटुमीहून रेल्वे धरा. हा धोका लक्षात घेऊन परतीचं विमान आणि खिंडीचा दिवस यांच्यामध्ये किमान एक रात्र मोकळी ठेवा.